सिग्मा किती आणि कशाचा?

या महिन्याचं प्रश्नोत्तरांचं सदर एकाच विषयाला दिलं आहे. प्रोसेस कॅपॅबिलिटीवर, म्हणजे प्रोसेस मर्यादेच्या आत किती भरवशाने माल काढते त्यावर, आलेल्या पत्रांत प्रश्न वेगवेगळे दिसतात, पण बहुतेकांची गाठ एकाच शब्दापाशी बसली आहे. ‘सिग्मा’ हा शब्द आपण दोन निराळ्या गोष्टींना वापरतो आणि कोणती गोष्ट म्हणायची आहे ते सांगत नाही. उदाहरणासाठी बहुतेक ठिकाणी एकच जॉब (मशीनवर बनवलेला नग) घेतला आहे: लेथवर टर्निंग केलेला शाफ्ट, व्यास २०.००० मिमी, टॉलरन्स (ड्रॉइंगने मापाला दिलेली सूट) ±०.०३० मिमी. बारीक आकडे मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात दिले आहेत.

प्रश्न : आमच्या रिपोर्टमध्ये एका ओळीत ‘सिग्मा ०.००६’ आणि खाली ‘सिग्मा ४’ असं येतं. साहेब म्हणतात सिग्मा वाढवा, क्वालिटीवाले म्हणतात कमी करा. नेमकं काय करायचं?

दोघांचंही बरोबर आहे, कारण दोघं वेगळ्या सिग्माबद्दल बोलतायत.

पहिला सिग्मा म्हणजे प्रमाण विचलन, कारखान्यात ज्याला सगळे स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणतात. जॉबची मापं सरासरीच्या आजूबाजूला किती पसरतात ते हा आकडा सांगतो. मापाचं जे एकक तेच याचं, त्यामुळे तुमचा ०.००६ हा ०.००६ मिमी, म्हणजे ६ मायक्रॉन आहे. तो जितका लहान तितकं चांगलं. हा आकडा काढताना ड्रॉइंग उघडावंच लागत नाही. मशीन, टूल, माल आणि ऑपरेटर मिळून जो पसारा करतात त्याचं हे माप आहे.

दुसरा आहे सिग्मा लेव्हल. सरासरीपासून जवळच्या टॉलरन्स मर्यादेपर्यंत जी जागा उरते, तिच्यात ते प्रमाण विचलन किती वेळा बसतं, याची ती मोजणी. तिला एकक नाही. ती जितकी मोठी तितकं चांगलं.

तुमच्या आकड्यांवर करून पाहू. सरासरी २०.००६ आणि प्रमाण विचलन ०.००६ धरा. वरची मर्यादा २०.०३०, म्हणजे वर २४ मायक्रॉन जागा आहे. २४ भागिले ६ म्हणजे ४. खालची मर्यादा १९.९७०, तिकडे ३६ मायक्रॉन, म्हणजे ६. यातला लहान आकडा धरायचा, म्हणून सिग्मा लेव्हल ४. तिला ३ ने भागलं की सीपीके हा कॅपॅबिलिटीचा निर्देशांक मिळतो : १.३३. सीपी हा त्याचा जोडीदार, तो काढताना सरासरी कुठे आहे ते बघत नाहीत. पूर्ण टॉलरन्स ६० मायक्रॉन भागिले सहा प्रमाण विचलनं, म्हणजे ३६, उत्तर १.६७. सीपी १.६७ आणि सीपीके १.३३, यांतला फरक म्हणजे सेटिंग मधोमध नसल्याची किंमत.

आता समजा ग्राहकाने ड्रॉइंग बदललं आणि टॉलरन्स ±०.०२० केला. मशीनला काहीच कळलेलं नाही, प्रमाण विचलन अजून ६ मायक्रॉनच आहे. पण वरची जागा २४ वरून १४ वर आली आणि सिग्मा लेव्हल ४ वरून २.३३ वर घसरली. आधी दहा लाखांत साधारण ३२ जॉब वरच्या मर्यादेबाहेर जात होते, आता शंभरात एक जाईल. म्हणून ‘आमचं मशीन चार सिग्माचं आहे’ हे वाक्य अर्धवट आहे. कोणत्या ड्रॉइंगवर, हे सोबत हवं.

प्रश्न : एक्सेलमध्ये प्रमाण विचलनाची दोन फंक्शनं आहेत, एकाच्या शेवटी एस आणि दुसऱ्याच्या शेवटी पी. आमचं एसपीसी (स्टॅटिस्टिकल प्रोसेस कंट्रोल) सॉफ्टवेअर तिसरंच उत्तर देतं. कोणतं खरं?

पाच जॉब घेऊ : २०.००४, २०.०१०, २०.००१, २०.००८, २०.००७. सरासरी २०.००६. सरासरीपासूनचे फरक मायक्रॉनमध्ये उणे २, ४, उणे ५, २ आणि १. वर्ग केले तर ४, १६, २५, ४, १, बेरीज ५०.

पी फंक्शन या ५० ला ५ ने भागतं : १०, वर्गमूळ ३.१६. हातात आहेत तेवढेच जॉब जगात आहेत असं ते समजतं. एस फंक्शन ४ ने भागतं : १२.५, वर्गमूळ ३.५४. हे जॉब म्हणजे मोठ्या उत्पादनातला नमुना आहे असं ते धरतं. नमुन्याची सरासरी त्याच जॉबवरून काढल्यामुळे फरक थोडे लहानच निघतात, एकने कमी भागून त्याची भरपाई होते. कॅपॅबिलिटीला नेहमी एस. शंभर रीडिंग असतील तर दोघांत फरक अर्ध्या टक्क्याचा, पण पाच-दहा रीडिंगला पी वापरलं तर सीपीके फुगतो.

सॉफ्टवेअरचं तिसरं उत्तर रेंजवरून येतं. सर्वांत मोठं वजा सर्वांत लहान, म्हणजे ९. पाचच्या सबग्रुपसाठी (एकत्र मोजलेल्या जॉबच्या गटासाठी) ठरलेला स्थिरांक २.३२६, ९ भागिले २.३२६ म्हणजे ३.८७. प्रत्यक्षात एका सबग्रुपवर हे करत नाहीत. निदान वीस-पंचवीस सबग्रुपच्या रेंजची सरासरी घेऊन तिला भागतात. सबग्रुप दोनचा असेल तर स्थिरांक १.१२८ होतो. सबग्रुप बदलला आणि स्थिरांक तोच राहिला, ही चूक जुन्या एक्सेल शीटमध्ये हमखास सापडते. एकदा तपासून घ्याच.

प्रश्न : त्याच रीडिंगवर सीपीके १.७५ येतो आणि पीपीके १.०७. ग्राहकाला कोणता दाखवायचा?

हा प्रश्न या पत्रांतला सर्वांत कामाचा आहे, म्हणून जरा सविस्तर.

सीपीकेमध्ये रेंजवरून काढलेलं, सबग्रुपच्या आतलं प्रमाण विचलन वापरतात. पाच जॉब लागोपाठ काढले, तर त्यांच्यात फरक असतो तो मशीनच्या क्षणिक थरथरीचा. पीपीकेमध्ये सगळी रीडिंग एका ढिगात टाकून एस फंक्शनने प्रमाण विचलन काढतात, त्यात शिफ्टभर जे जे सरकलं ते सगळं येतं.

टर्निंगमध्ये इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) झिजतो आणि बाहेरचा व्यास हळूहळू वाढत जातो. समजा नवीन इन्सर्टवर सरासरी २०.०००, आणि शिफ्टच्या शेवटी २०.०१८. लागोपाठच्या पाच जॉबमधलं प्रमाण विचलन मात्र कायम ४ मायक्रॉन. पूर्ण शिफ्टची सरासरी २०.००९, वर २१ मायक्रॉन जागा. ती तीन गुणिले ४, म्हणजे १२ ने भागली की सीपीके १.७५. तुमचाच आकडा.

आता झिजेचा पसारा. १८ मायक्रॉन एकसारखे सरकत गेले तर त्यांचं प्रमाण विचलन १८ भागिले बाराचं वर्गमूळ, म्हणजे ५.२. पसारे सरळ मिळवत नाहीत, त्यांचे वर्ग मिळवतात : १६ अधिक २७, म्हणजे ४३, वर्गमूळ ६.५६. आता २१ भागिले १९.७ केलं की पीपीके १.०७. त्या शिफ्टचा माल १.०७ ने बनला; १.७५ हा आकडा मशीनची ताकद सांगतो, खोक्यात भरलेल्या मालाबद्दल काही सांगत नाही.

पाठवलेल्या मालाबद्दल बोलायचं असेल तर पीपीके दाखवा. शिवाय एक गोष्ट आधी बघा. सबग्रुपच्या सरासऱ्या मांडतात त्या कंट्रोल चार्टवरच्या मर्यादा इथे साधारण ±५.४ मायक्रॉन येतील, आणि तुमची सरासरी मधल्या रेषेपासून दोन्हीकडे ९ मायक्रॉन फिरते. म्हणजे चार्ट आउट आहे, बिंदू मर्यादेबाहेर जातायत. प्रोसेस कंट्रोलमध्ये नसताना काढलेला सीपीके कागदावर शोभतो, त्यावर निर्णय घेता येत नाही.

यावर उपाय मशीन बदलणं नाही, ऑफसेट (टूलच्या जागेची दुरुस्ती) वेळेवर देणं आहे. व्यास १९.९९७ ला सुरू करून २०.००३ ला पोचला की ऑफसेट मागे घ्या. मग सरकणं ६ मायक्रॉनवर राहतं, एकूण प्रमाण विचलन ४.३६ होतं आणि पीपीके २.२९ पर्यंत जातो. ऑफसेट किती जॉबनंतर द्यायचा ते झिजेच्या वेगावरून एकदाच ठरवा. दर जॉब मोजून दर वेळी ऑफसेट हलवणारे ऑपरेटर फार मन लावून काम करतात, आणि नुकसान करतात. एका जॉबचं माप थोडं इकडेतिकडे येणं ही थरथर असते. तिच्यामागे धावलं तर पसारा साधारण १.४ पट होतो.

प्रश्न : चार सिग्माला दहा लाखांत ६३ जॉब खराब असं एका तक्त्यात आहे, दुसऱ्यात ६,२१०. एवढा फरक कसा?

पहिल्या उत्तरात आम्ही ३२ म्हटलंय, म्हणजे तिसरा आकडाही आहे. तिन्ही बरोबर आहेत.

सरासरी मधोमध असेल आणि दोन्ही मर्यादा चार-चार प्रमाण विचलनं दूर असतील, तर दोन्ही बाजू मिळून ६३. आपल्या शाफ्टची खालची मर्यादा सहावर होती, तिकडून काहीच जात नाही, म्हणून एकाच बाजूचे ३२. आणि ६,२१० मध्ये १.५ सिग्माचं सरकणं गृहीत धरलेलं आहे.

हे १.५ आलं मोटोरोलातून. १९८०च्या दशकात तिथे बिल स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिक्स सिग्माची पद्धत बसवली. थोड्या वेळात मोजलेली प्रोसेस पुढे दीर्घकाळात एका बाजूला सरकतेच, ते सरकणं १.५ प्रमाण विचलनं धरायचं, असा त्यांचा संकेत होता. म्हणून कागदावरच्या सहातून १.५ वजा होऊन ४.५ उरतात, आणि ४.५ च्या पलीकडे एका बाजूला दहा लाखांत ३.४ जातात. सगळीकडे छापलेला ३.४ तो हाच. सरकणं धरलंच नाही, तर सहा सिग्माला दोन्ही बाजू मिळून शंभर कोटींत दोन जॉब खराब निघतात. तीन सिग्माला सरकण्याशिवाय २,७००, सरकण्यासह ६६,८०७. पाचला अनुक्रमे ०.५७ आणि २३३.

आमचं मत स्पष्ट आहे : १.५ हा निसर्गाचा नियम नाही. तुमची प्रोसेस किती सरकते ते मागच्या उदाहरणासारखं मोजता येतं, आणि मोजता येतं तिथे गृहीत धरू नये. सर्वांत वाईट चूक म्हणजे पीपीकेवरून काढलेल्या लेव्हलमधून पुन्हा १.५ वजा करणं. त्या आकड्यात सरकणं आधीच आलेलं असतं.

प्रश्न : सप्लायर ‘४.९ सिग्मा’ लिहून देतो. आमच्याकडे ४,००० जॉबमध्ये १२ रिजेक्ट निघाले. खोटं बोलतोय का?

खोटं नसेल, पण आकडा ताणलेला आहे. ४,००० मध्ये १२ म्हणजे दहा लाखांत ३,०००. नॉर्मल वक्रावर (मापांच्या घंटेसारख्या पसाऱ्यावर) याची लेव्हल २.७५. त्यात वरचे १.५ मिळवले की ४.२५. इथपर्यंत रूढ पद्धत झाली.

४.९ ला पोचायला आणखी एक वाट आहे : चूक होण्याच्या संधी. एका जॉबवर व्यास, लांबी, चॅम्फर, थ्रेड अशी दहा ठिकाणं मोजली, तर संधी ४०,००० होतात. बारा दोष तेवढ्यात विभागले की दहा लाख संधींमागे ३००, लेव्हल ३.४३, अधिक १.५ म्हणजे ४.९३. माल तोच, रिजेक्शन तेच, फक्त भाजक दसपट.

त्याला तीन गोष्टी लेखी विचारा. एका जॉबमागे किती संधी धरल्या? १.५ मिळवला आहे का? आकडा मोजलेल्या मापांवरून आहे की मोजलेल्या दोषांवरून? मापांवरून असेल तर हिस्टोग्रामही (कोणत्या मापाचे किती जॉब, त्याचा स्तंभालेख) मागवा. मर्यादेवर कड्यासारखा तुटलेला दिसला, तर माल निवडून पाठवलेला आहे.

प्रश्न : कंट्रोल चार्टवर सगळे बिंदू तीन सिग्माच्या आत असूनही जॉब टॉलरन्सबाहेर का निघतात?

कारण चार्टवरचे तीन सिग्मा वेगळे. तिथे बिंदू म्हणजे पाच जॉबची सरासरी, आणि सरासरीचा पसारा एकेका जॉबच्या पसाऱ्यापेक्षा कमी असतो : ६ भागिले पाचचं वर्गमूळ, म्हणजे २.७ मायक्रॉन. चार्टची मर्यादा ±८ मायक्रॉन येते, एकेक जॉब मात्र ±१८ पर्यंत फिरतो. प्रोसेस स्थिर आहे एवढंच चार्ट सांगतो. ड्रॉइंगची त्याला ओळख नसते. त्यामुळे चार्टवर टॉलरन्सच्या रेषा काढू नका. त्या काढल्या की ऑपरेटर तेवढ्याच बघतो.

प्रश्न : रनआउटची (फिरताना जॉब किती डुलतो त्या मापाची) कमाल मर्यादा ०.०५० मिमी आहे. सरासरी ०.०१५, प्रमाण विचलन ०.०१०. सॉफ्टवेअर सीपीके ०.५ दाखवतं, जॉब तर चांगले आहेत.

सॉफ्टवेअरमध्ये खालची मर्यादा शून्य टाकली आहे. ती काढा. रनआउट शून्याजवळ असणं हे चांगलं आहे, आणि शून्याला मर्यादा मानलं की चांगल्या जॉबबद्दल शिक्षा होते : १५ भागिले ३० म्हणजे ०.५. खालची मर्यादा रिकामी ठेवली की फक्त वरची बाजू उरते, ३५ भागिले ३० म्हणजे १.१७. सीपी इथे काढायचाच नसतो.

पण १.१७ वरही लगेच विसंबू नका. सरासरीतून तीन प्रमाण विचलनं वजा केली तर उणे ०.०१५ येतात, आणि उणे रनआउट नसतो. म्हणजे वक्र नॉर्मल नाही, उजवीकडे लांब शेपूट आहे. रनआउट, सपाटपणा, गोलाई या सगळ्यांचं असंच होतं. अशा वेळी मध्यक (निम्मी मापं ज्याच्या खाली आणि निम्मी वर असतात ते माप) घ्या आणि ९९.८६५ व्या टक्क्याचं, म्हणजे ९९.८६५ टक्के जॉब ज्याच्या खाली येतात ते, माप घ्या. समजा मध्यक ०.०१३ आणि ते माप ०.०५८ आलं, तर ३७ भागिले ४५ म्हणजे ०.८२. हा आकडा शेपटीसकट आहे. शंभर रीडिंगमधून ९९.८६५ वा टक्का थेट मिळत नाही, त्याला वायबुल किंवा लॉगनॉर्मलसारखा योग्य वक्र बसवावा लागतो. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते, मेनूत खोल दडलेली.

प्रश्न : तीस जॉबवर सीपीके १.३३ आला. पास समजायचं?

तीस जॉबवरच्या १.३३ चा खरा आकडा ०.९७ ते १.६९ मध्ये कुठेही असू शकतो, ९५ टक्के खात्रीने एवढंच सांगता येतं. दशांशानंतरचे दोन अंक बघून फसू नका. ग्राहकाची अट १.३३ असेल तर तीस जॉबवर निदान १.६७ दिसायला हवं, किंवा शंभरच्या पुढे जॉब मोजायला हवेत.

आणि मोजलंय कशाने? ०.०२ मिमी लीस्ट काउंटच्या (साधन वाचू शकतं त्या सर्वांत लहान मापाच्या) व्हर्नियरने ०.०६ चा टॉलरन्स मोजला, तर सगळी रीडिंग तीन-चार आकड्यांवरच बसतात. अनेक सबग्रुपची रेंज शून्य येते आणि सीपीके गगनाला भिडतो. लीस्ट काउंट टॉलरन्सच्या दहाव्या भागाहून मोठा नको. इथे एक मायक्रॉनचा मायक्रोमीटर हवा. गेजचा स्वतःचा पसाराही रीडिंगमध्ये मिसळतो. गेजचं प्रमाण विचलन ३ आणि दिसणारं ६ असेल, तर जॉबचं खरं ५.२ असतं, म्हणजे ३६ वजा ९, त्याचं वर्गमूळ. सहा गुणिले ३ म्हणजे १८ मायक्रॉन, टॉलरन्सच्या ३० टक्के, एकट्या गेजने खाल्ले. एमएसएच्या (मोजण्याच्या पद्धतीच्या तपासणीच्या) रूढ निकषात १० टक्क्यांखाली चांगलं आणि ३० ही शेवटची हद्द धरतात.

प्रश्न : चार सिग्मावरून पाचवर जायला नवीन मशीन लागेल का?

पहिल्या उदाहरणात मुळीच नाही. सरासरी २०.००६ आहे ती २०.००० वर आणा. ऑफसेट व्यासावर ६ मायक्रॉन कमी करा. तुमचा कंट्रोल त्रिज्येवर ऑफसेट घेत असेल तर ३. दोन्हीकडे ३० मायक्रॉन जागा मिळते, ३० भागिले ६ म्हणजे ५. प्रमाण विचलनाला हातही लावलेला नाही.

सहाला जायचं तर मात्र प्रमाण विचलन ६ वरून ५ वर आणावं लागेल, आणि ते काम महाग पडतं. तरी खर्चाआधी तापमान बघा. पोलाद मीटरमागे दर अंशाला साधारण ११.५ मायक्रॉन फुगतं. २० मिमीचा शाफ्ट मशीनवरून उतरताना २० अंशांनी गरम असेल तर तो ४.६ मायक्रॉन मोठा दिसतो. काही जॉब गरम मोजले आणि काही थंड, तर हा फरक तुमच्या प्रमाण विचलनात घुसतो आणि दोष मशीनला लागतो. सगळे जॉब एकसारखे थंड होऊ द्या आणि मास्टरही (गेज जुळवायचा प्रमाण नमुना) जॉबशेजारीच ठेवा. त्यानंतर चकचा (जॉब पकडणाऱ्या जबड्यांचा) दाब, बारस्टॉकच्या (कच्च्या सळईच्या) व्यासातला फरक आणि सकाळी थंड स्पिंडलवर काढलेले पहिले जॉब, या क्रमाने बघा. हे पहिले जॉब वेगळ्या ट्रेमध्ये ठेवून त्यांचं प्रमाण विचलन स्वतंत्र काढलं, तर वॉर्मअप किती मिनिटांचा हवा ते दोन दिवसांत कळतं.